विश्वासाचे पाऊल

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतला नेहमीच्या बोलण्यातला शब्दप्रयोग. देवाने सांगितलेले काम आपल्या आवाक्याबाहेरचे आहे हे पुरते ठाऊक असताना केवळ त्याच्या अभिवचनावर भिस्त ठेवून ते हाती घेणे, असा त्याचा अर्थ. अशा कामासाठी येणाऱ्या बोलावण्याला ‘पाचारण’ म्हणतात.

कल्पनेचे मूळ बायबलमध्ये आहे. अब्राहामाने वयाच्या ७५ व्या वर्षी हारान सोडले, तेही कुठे जायचे हे ठाऊक नसताना. मिद्यानी या शत्रू टोळ्यांशी लढायला इस्राएली लोकांचा पुढारी गिदोन याच्याकडे ३२,००० माणसे जमली होती. देवाने ती ३०० वर आणली आणि त्यांच्या हाती उरली रणशिंगे, घडे व घड्यांत दडवलेल्या मशाली. पण ‘पाऊल’ खरोखर दिसते ते बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात. सुगीचे दिवस होते, यार्देन दुथडी भरून वाहत होती. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, खांद्यावर घेतलेले याजक (पुरोहित) तशाच नदीत उतरले. त्यांचे पाय काठाच्या पाण्यात बुडाले, तेव्हा कुठे वरचा प्रवाह थांबला. सगळे इस्राएली लोक पार होईपर्यंत याजक पात्राच्या मधोमध उभे होते. आधी पाय भिजले, वाट मागून झाली. या शब्दप्रयोगाचा सारा जीव या क्रमात आहे.

ठाणे, कळवा, ऐरोली या भागांतल्या घरगुती प्रार्थनासभांत हा शब्द साक्ष देताना, म्हणजे देवाचा आपला अनुभव सर्वांसमोर सांगताना, ऐकू येतो. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत सतरंजी. एखादी मावशी डोक्यावर पदर घेऊन उभी राहते: ‘बहिणीची दोन लेकरं घरी आणली तेव्हा घरात पगार एकाचाच होता. प्रभू म्हणाला, आण. मी आणली.’ पैसे कुठून आले हे ती पुढे सांगते, पण ऐकणाऱ्यांचे डोळे भरतात ते ‘मी आणली’ या दोन शब्दांना.

औषध बंद करणे किंवा कर्ज काढून उडी घेणे याला हे नाव देणे चूक आहे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देव झेलील, असे सैतानाने सुचवले तेव्हा येशूने साफ नकार दिला होता. पाचारण ओळखायला प्रार्थना, बायबलचे वचन आणि जाणत्यांचा सल्ला लागतो, आणि वेळही.

पाणी दर वेळी थांबतेच असेही नाही. ठाण्याचाच इतिहास याला साक्षी आहे. थॉमस, जेम्स, पीटर व देमेत्रिउस हे चौघे फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या कॅथलिक संघातले) चीनला निघाले होते. वाटेत ते ठाण्याला उतरले आणि एप्रिल १३२१ मध्ये आपल्या विश्वासासाठी इथेच मारले गेले. जॉर्डन या डॉमिनिकन (दुसऱ्या एका कॅथलिक संघातल्या) साधूने त्यांना सोपाऱ्याला पुरले. काही वर्षांनी ओदोरिको नावाचा फ्रान्सिस्कन तिथे आला. त्याने त्यांच्या अस्थी उकरून बरोबर घेतल्या आणि समुद्रमार्गे चीनला नेल्या.