वाळवीच्या जोरावर सोमालिया

२०२५च्या नोव्हेंबरात मणिपूरच्या तामेंगलाँग जिल्ह्यात तीन अमूर ससाण्यांच्या पाठीवर त्यांचा माग दाखवणारी उपग्रह-यंत्रं बसवली गेली. अपापांग, अलांग आणि आहू अशी त्यांची नावं. आठवडाभरात ते अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला पोचले, आणि ‘निसर्गाचा चमत्कार’ म्हणून ही बातमी मोबाइलवरून घरोघरी फिरली. एकदा चमत्कार म्हणून हात जोडले की प्रश्न विचारायचं राहून जातं. पारव्याहून लहान, जेमतेम दीडशे ग्रॅमचा हा पक्षी एवढं इंधन आणतो कुठून? आणि ते त्याला निवांत भरू देणाऱ्या गावांचं ऋण आपण कसं मानतो?

पूर्व सैबेरिया आणि ईशान्य चीनमध्ये घरटी करणारे हे ससाणे थंडीआधी दक्षिण आफ्रिकेकडे निघतात. वाटेत ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते ईशान्य भारतात थांबतात. नागालँडच्या वोखा जिल्ह्यात डोयांग जलाशयाकाठी पांगती नावाचं गाव आहे, तिथे तर लाखोंनी उतरतात. २०१२ साली याच परिसरात मासेमारीची नायलॉनची जाळी झाडांच्या शेंड्यांमधून ताणलेली होती. संध्याकाळी रातथाऱ्याला येणारे थवेच्या थवे त्यांत अडकत. पाहणी करणाऱ्यांचा अंदाज होता की ऐन हंगामात रोज १२ ते १४ हजार पक्षी मारले जात होते. जलाशयात सुपीक शेतं गेल्यावर मासेमारीकडे वळलेल्या माणसांना या पक्ष्यांतून रोख पैसा मिळत होता, हेही विसरता येत नाही.

पुढच्याच वर्षी ही शिकार थांबली. नागालँडमधली बहुतेक जंगलं सरकारची नाहीत, गावांची आणि कुळांची आहेत. वनखात्याने नुसता हुकूम काढून तिथे काही झालं नसतं. पांगती, आशा आणि सुंग्रो या गावांच्या ग्रामपरिषदांनी ठराव केले, मोडणाऱ्याला दंड ठेवला आणि ते पाळले. ज्यांनी जाळी लावली होती, त्यांच्यातलेच काही जण राखणीला उभे राहिले.

या एका थांब्याला एवढं महत्त्व का, हे कळायला ससाण्याच्या अंगात शिरावं लागतं. पाऊस ओसरताना जमिनीतून पंख फुटलेली वाळवी ढगासारखी वर येते. ससाणा ती पायांनी हवेतच पकडतो आणि उडता उडताच खातो. वाळवीच्या या पंखवाल्या पिढीच्या अंगात चरबी ठासून भरलेली असते आणि ससाण्याला हवी असते तीच. एक ग्रॅम चरबीतून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, पिष्टमय पदार्थांतून ४. खरा फरक याहून मोठा आहे. शरीरात पिष्टमय साठा ग्लायकोजेनच्या रूपात राहतो आणि प्रत्येक ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतो. म्हणजे वजनाच्या हिशेबाने तो चरबीच्या आठव्या हिश्श्याइतकाही उपयोगी नाही, आणि उडणाऱ्याला ग्रॅमन् ग्रॅम मोजावा लागतो. शिवाय एक ग्रॅम चरबी जळली की एक ग्रॅमहून थोडं जास्तच पाणी तयार होतं. समुद्रावर गोडं पाणी नसताना ही सोय मोलाची ठरते.

पण चरबी नुसती साठवून भागत नाही, ती वेगाने जाळता यायला हवी. चरबीतली मेदाम्लं पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे रक्तात त्यांना अल्ब्युमिनसारख्या प्रथिनाचा आधार लागतो. पुढे स्नायूच्या पेशीत मेदाम्लांना धरणारी वेगळी प्रथिनं असतात. ती हमालासारखी हा माल उचलून मायटोकाँड्रियापर्यंत, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्यांपर्यंत, पोचवतात. तिथे मेदाम्लाच्या साखळीचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पडत जातात आणि ऊर्जा सुटते. माणूस जोरात पळू लागला की ही वाहतूक पुरी पडत नाही आणि शरीर साखरेवर जातं. स्थलांतरी पक्ष्यांच्या उड्डाणाच्या स्नायूंत मात्र ही प्रथिनं इतकी मुबलक असतात, की तासन् तास पंख मारतानाही जवळजवळ सगळी ऊर्जा चरबीतूनच येते.

मदतीला वाराही असतो. या दिवसांत ईशान्येकडून वाहणारे वारे पाठीशी मिळतात. याच सुमारास भारताकडून मालदीवमार्गे आफ्रिकेकडे लाखो चतुर जातात. ससाणे वाटेत त्यांच्यावरही ताव मारत असावेत, असं चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९ साली सुचवलं. कल्पना मला फार आवडते, पण समुद्रावर तसा थेट पुरावा हाती येईपर्यंत तिला तर्कच म्हणायला हवं.

२०१३ साली डोयांगजवळ तीन ससाण्यांना ५ ग्रॅमची सौर उपग्रह-यंत्रं बसवली, तेव्हा त्यांची नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. नागा सुमारे ५६०० किलोमीटर अंतर साडेपाच दिवसांत, म्हणजे ताशी सरासरी ४२ किलोमीटरने कापून सोमालियाला पोचला. नकाशावरचा ठिपका आपल्या गावाच्या नावाने आफ्रिकेत फिरताना दिसणं, हा गौरव मला शाल-श्रीफळापेक्षा मोठा वाटतो. सत्कार बहुधा एकट्या माणसाचा होतो, आणि इथे निर्णय तर अख्ख्या गावाचा होता.

एवढ्यावर थांबू नये. २०१८ साली तामेंगलाँगमध्ये ‘मणिपूर’ नाव दिलेला ससाणा यंत्र बसवल्यावर काही दिवसांतच मारला गेला, म्हणजे राखण दर हंगामात नव्याने करावी लागते. नोव्हेंबर-डिसेंबरात लोणावळ्याच्या माळांवर दुर्बिणी रोखून आपण जे ससाणे पाहतो, तेही ईशान्येतल्या अशाच थांब्यांवर अंगावर चरबी चढवून आलेले असतात. म्हणून राखणदारांना हंगामाचा ठरलेला मेहनताना मिळावा, पर्यटकांच्या शुल्कातला वाटा थेट ग्रामपरिषदेकडे जावा, आणि यंत्रांतून येणारी माहिती शोधनिबंधात छापली जाण्याआधी तिथल्या लोकांच्या भाषेत गावच्या शाळेत पोचावी.