पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफी

गर्भाची सुरुवातीची वाढ श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने तपासण्याची पद्धत. गर्भवय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्या हिशेबाने ही तपासणी 13 आठवडे 6 दिवसांपर्यंतची धरली जाते.

प्रसूतिशास्त्रातील वापराचे श्रेय सामान्यतः ग्लासगोचे (स्कॉटलंड) प्रसूतितज्ज्ञ इयन डॉनल्ड यांना देतात. 1955 मध्ये त्यांनी रेनफ्रू येथील बॉयलर कारखान्यात, धातूतील चिरा शोधणाऱ्या यंत्रावर, शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी तपासल्या. जॉन मॅकव्हिकर व अभियंता टॉम ब्राउन यांच्यासह त्यांचा लेख 1958 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. मात्र मऊ ऊतींची चित्रे त्याआधीच अमेरिकेत जॉन वाइल्ड आणि डग्लस हाउरी यांनी मिळवली होती. त्यामुळे तंत्राचा नव्हे, तर त्याच्या प्रसूतिशास्त्रीय उपयोगाचा उगम ग्लासगोत मानणे अधिक सयुक्तिक. भरलेल्या मूत्राशयातून गर्भाशय स्पष्ट दिसते, हेही तिथेच 1960 नंतरच्या काही वर्षांत रूढ झाले. ‘पाणी पिऊन या’ ही सूचना तेव्हापासूनची. योनिमार्गे तपासताना तिची गरज उरत नाही.

योनिमार्गी तपासणीत पाचव्या आठवड्याच्या आसपास गर्भकोश, मग पीतक कोश (भ्रूणाला सुरुवातीला पोषण देणारी पिशवी, योक सॅक) आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास हृदयाचे ठोके दिसतात. ठोक्यांचा वेग नवव्या आठवड्यापर्यंत वाढून मिनिटाला सुमारे 170 होतो, पुढे थोडा उतरतो. भ्रूण 7 मिमी किंवा अधिक लांब असूनही ठोके नसतील, तर गर्भाची वाढ थांबल्याचे निदान करावे, असा 2013 पासूनचा दंडक आहे. आतड्याचा काही भाग बाराव्या आठवड्यापर्यंत नाळेत दिसणे हा दोष नव्हे.

गर्भवय ठरवण्यासाठी डोक्यापासून नितंबापर्यंतची लांबी मोजतात. ह्यू रॉबिन्सन यांनी ही पद्धत 1973 मध्ये मांडली आणि 1975 मध्ये फ्लेमिंग यांच्यासह तिची अचूकता तपासली: गर्भवयात चूक एका मोजणीने सुमारे ±4.7 दिवस, तीन मोजण्यांच्या सरासरीने ±2.7 दिवस. 2014 च्या ‘इंटरग्रोथ-21’ या आंतरराष्ट्रीय प्रमाणकात (लांबीवरून गर्भवय काढण्याच्या) आठ देशांतील ठिकाणच्या स्त्रियांचा समावेश होता. त्यांत नागपूर होते. मात्र पाळीवरून व लांबीवरून काढलेल्या वयांत 7 दिवसांहून अधिक तफावत असलेल्या गर्भारपणांना त्यात स्थान नव्हते, आणि नवव्या आठवड्यापूर्वी ते लागू होत नाही. अगदी लहान भ्रूणासाठी म्हणूनच जुनी सूत्रे हाताशी ठेवावी लागतात. लांबी 84 मिमीच्या पुढे गेल्यावर गर्भ वाकतो-ताणतो, मोजणी भरवशाची राहत नाही. तेव्हा डोक्याचा घेर घेतात. लांबी 45 ते 84 मिमी असताना मानेमागील पारदर्शी थर मोजतात (एनटी स्कॅन). ही पद्धत 1992 मध्ये किप्रोस निकोलाइडिस व सहकाऱ्यांनी पुढे आणली. थर जाड असणे म्हणजे निदान नव्हे, केवळ गुणसूत्रांतील दोषांसारख्या जोखमीचा इशारा.

इतक्या लवकर हृदयावर डॉप्लर (रक्तप्रवाह मोजणारी ध्वनिपद्धत) सहसा वापरत नाहीत, एम-मोड (हालचाल आलेखात दाखवणारी पद्धत) पुरतो.

लिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला. केंद्राचा 1994 चा. त्यानुसार गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी ‘फॉर्म एफ’ हा नोंदीचा अर्ज भरावा लागतो.