चार थेंब पडले की लाईट का जाते?

"चार थेंब पडले नाहीत तोच घालवली यांनी!" जूनमध्ये हे वाक्य ऐकू आलं नाही असं घर महाराष्ट्रात शोधावं लागेल. आमच्याकडे ते आई म्हणते, मिक्सरमध्ये चटणी अर्धी वाटून झालेली असताना. ‘गेली’ नाही, ‘घालवली’. म्हणजे कुणीतरी आभाळाकडे डोळे लावून खटक्यापाशी बसलंय आणि पहिला थेंब दिसताच तो खाली ओढतंय.

तो ‘कुणीतरी’ मी एकदा बघून आलो. मित्राच्या ओळखीने एका ३३/११ केव्ही, म्हणजे ३३,००० व्होल्टची वीज ११,०००वर आणणाऱ्या, उपकेंद्रात संध्याकाळी जाऊन बसलो होतो. खोलीत लोखंडी कपाटांसारखी पॅनेलं ओळीने उभी. एक पॅनेल म्हणजे एक फीडर, उपकेंद्रातून एकेका भागाला वीज नेणारी लाईन, आणि प्रत्येकावर लाल दिवा पेटलेला. मला वाटलं सगळंच बिघडलंय. "लाल म्हणजे चालू," ऑपरेटर म्हणाला, "हिरवा लागला की आमची पळापळ." बाहेर टपटप सुरू झाली आणि थोड्या वेळात हूटर कोकलला. एका पॅनेलवरचा लाल विझून हिरवा लागला. ऑपरेटरच्या हातात तेव्हा चहाचा कप होता. त्याने काहीच ओढलं नव्हतं. ब्रेकर, म्हणजे फीडरची वीज तोडणारा मोठा खटका, आपोआप पडला होता आणि लाईनीवर नजर ठेवून त्याला हुकूम देणाऱ्या रिलेवर निशाणी आली होती: अर्थ फॉल्ट, म्हणजे वीज जमिनीत जातेय.

आता गंमत अशी की मुसळधार पावसापेक्षा हे चार थेंबच जास्त त्रास देतात. का, ते कळायला खांबावर चढावं लागेल.

खांबावरची तार उघडी असते. ११ केव्हीच्या लाईनीत दोन तारांमध्ये ११,००० व्होल्ट, आणि तार व जमीन यांच्यात साधारण ६,३५०. तार आणि लोखंडी आडवी पट्टी यांच्यामध्ये असतो तो फक्त चिनीमातीचा इन्सुलेटर, तोच तपकिरी, छत्र्यांवर छत्र्या ठेवल्यासारखा दिसणारा. त्या छत्र्या शोभेच्या नाहीत. चिनीमातीच्या आतून वीज जात नाही, पण पृष्ठभागावरून सरपटत जाऊ शकते. छत्र्यांच्या घड्यांमुळे ती वाट लांब होते आणि पावसात निदान खालची बाजू कोरडी राहते.

ऑपरेटरने कोपऱ्यात पडलेला एक काढलेला इन्सुलेटर दाखवला. वरून चकचकीत. छत्रीच्या आतून बोट फिरवलं तर काळंकुट्ट. आठ महिन्यांची धूळ, धूर, जवळच्या खडी क्रशरची भुकटी. कोकणात यात समुद्राचं मीठ मिसळतं. कोरडी असताना ही घाण निरुपद्रवी असते. भिजली की तिच्यातले क्षार विरघळतात आणि चिनीमातीवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर चढतो. तोही लगेच दगा देत नाही. आधी त्यातून अगदी थोडा प्रवाह वाहू लागतो. प्रवाहाने थर तापतो आणि जिथे तो सर्वांत अरुंद, म्हणजे दांड्याजवळ, तिथे आधी सुकतो. सुकलेल्या भागाचं एक बारीक कडं तयार होतं. आता बाकी सगळा पृष्ठभाग ओला, वाहक. मध्ये एवढंच कोरडं कडं. साहजिकच जवळपास सगळं व्होल्टेज त्या चिंचोळ्या पट्टीवर येऊन पडतं. ते तिला पेलवत नाही. हवेतून छोटी ठिणगी उडते, विझते, पुन्हा उडते. रात्री ओल्या खांबावर चर्र आवाज आणि निळसर लुकलुक दिसते ती हीच. घाण पुरेशी असेल तर एखादी ठिणगी कड्यापुरती न थांबता लांबत लांबत छत्रीमागून छत्री ओलांडते आणि तारेपासून पट्टीपर्यंत पोहोचते. मग तो प्रवाह खांबातून थेट जमिनीत.

धो-धो पाऊस हीच घाण बरीचशी धुऊन नेतो, म्हणून जुलैच्या झडीत निदान या कारणाने तरी लाईट कमी जाते. उत्तर भारतात तर पाऊसही लागत नाही. हिवाळ्यातल्या दाट धुक्यात मोठ्या वाहिन्या अशाच आपोआप बंद पडतात, म्हणून तिथे थंडीआधी इन्सुलेटर धुतात. (आमच्या गावी एक काका ठामपणे सांगतात की लाईट अमावास्येलाच जाते. पौर्णिमेलाही जाते काका, पण तेव्हा अंगणात चांदणं असतं, त्यामुळे लक्षात राहत नाही.)

जमिनीत गेलेला हा प्रवाह काही किलोमीटरवरच्या उपकेंद्रातल्या रिलेला कसा कळतो? साध्या बेरजेने. तीन फेजचे प्रवाह एकदम वरखाली होत नाहीत, एकमेकांच्या एक तृतीयांश फेरा मागेपुढे असतात. एक जेवढा बाहेर नेतो तेवढं उरलेले दोघे परत आणतात. कुठल्याही क्षणी तिघांची बेरीज शून्य. तुमच्या गल्लीत एकाच फेजवर जास्त एसी लावले तरी ही बेरीज बिघडत नाही, कारण डीपीवरच्या, म्हणजे गल्लीला २३० व्होल्ट देणाऱ्या, ट्रान्सफॉर्मरची ११ केव्हीकडची वेटोळी त्रिकोणात, फक्त या तीन तारांमध्येच जोडलेली असतात. चौथी वाटच नसते. तेव्हा बेरीज शून्य आली नाही तर एकच अर्थ: प्रवाह जमिनीतून परततोय. रिले हुकूम सोडतो आणि ब्रेकर एक दशांश सेकंदाच्या आत उघडतो, म्हणजे वीज तोडतो.

इतकं जपायचं कारण उघड आहे. जमिनीत प्रवाह जातोय म्हणजे कदाचित तार तुटून शेतात पडली असेल आणि जवळ कुणी उभं असेल.

पण बहुतेक वेळा तसं नसतं. ठिणगी म्हणजे तापून वाहक झालेली हवा. वीज तोडली की ती निवते आणि इन्सुलेटर पुन्हा कामाचा होतो. म्हणून ऑपरेटरने जरा थांबून ब्रेकर पुन्हा चढवून पाहिला. लाल. दोन सेकंदांत परत हूटर. ‘आली, गेली, आली, गेली’ हा जो खेळ आपल्याला पोरखेळ वाटतो तो असा असतो. काही खांबांवर ऑटो रिक्लोजर असतो, तो हेच काम स्वतः करतो. भूमिगत केबलला मात्र असा प्रयोग करत नाहीत. तिथला दोष निवून बरा होत नाही.

तिसऱ्यांदा त्याने ब्रेकरला हात लावला नाही, लाईनमनला फोन लावला. लाईनमन मधल्या खांबावरचा एबी स्विच, म्हणजे लाईन मध्येच तोडायचा खटका, उघडतो आणि उपकेंद्राकडच्या अर्ध्या भागात वीज सोडायला सांगतो. टिकला तर दोष पुढे, पडला तर अलीकडे. मग उरलेल्याचे पुन्हा दोन भाग. शेवटी बॅटरीच्या उजेडात एकेक खांब न्याहाळायचा आणि केसाएवढी चीर गेलेला इन्सुलेटर हुडकायचा.

फीडर पडला तर उपकेंद्राला लगेच कळतं. पण फक्त तुमच्या डीपीचा फ्यूज उडाला तर फीडरच्या पॅनेलवरचा लाल दिवा तसाच पेटलेला राहतो. ‘कुणीतरी केला असेल फोन’ म्हणत अख्खी गल्ली बसून राहते, म्हणून १९१२ला फोन करावा. स्मार्ट मीटरमध्ये वीज जाताना शेवटचा संदेश पाठवायची सोय करता येते. पण त्याने खांब चढून होत नाही.

आणि खांबावर चढण्याआधी लाईनमन उपकेंद्राकडून लाईनीवर काम करण्याचं परमिट घेतो, ब्रेकर बंद असल्याची खात्री करतो, तरीही रॉडने तिन्ही तारा जमिनीला जोडतो. बंद लाईनीला अर्थिंग कशाला, असं मी विचारलं. ऑपरेटर म्हणाला, "एखादा दुकानदार चेंजओव्हर, म्हणजे एका वेळी लाईन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा स्विच, न बसवता जनरेटर थेट बोर्डात लावतो. डीपीला काय, दोन्हीकडून चालतं. त्याचे २३० इकडे वर ११,००० होऊन येतात."