‘फक्त वाचनासाठी’ लिहिलं की पीडीएफ चालते?

व्हॉट्सॲपवर मराठी पुस्तकांच्या पीडीएफ फिरतात. वाकडी स्कॅन केलेली पानं, कडेला कुणाचा तरी अंगठा, आणि खाली ठरलेली ओळ: ‘फक्त वाचनासाठी, व्यावसायिक हेतू नाही.’ एवढं लिहिलं की कायदा आड येत नाही, असा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तसं काही नाही.

१९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. धंद्यातल्या नफ्यासाठी केलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. गुन्हा मात्र गुन्हाच राहतो. खासगी वापराला, अभ्यासाला कलम ५२ थोडी सवलत देतं. पण अडीचशे जणांचा ग्रुप खासगी कसा म्हणायचा?

‘लेखक तर केव्हाच गेले’ हा दुसरा लाडका युक्तिवाद. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचे हक्क त्याच्या मृत्यूच्या पुढल्या वर्षापासून ६० वर्षं टिकतात. साने गुरुजी १९५० साली गेले. त्यांची अशी पुस्तकं २०११ पासून खुली आहेत, खुशाल वाटा. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, म्हणजे २०६० संपेपर्यंत थांबा.

‘पुस्तक कुठे मिळतच नाही’ ही तक्रार मात्र पुष्कळदा खरी असते. आवृत्ती संपली की पुढची कधी येईल, प्रकाशकालाही सांगता येत नाही. निदान ई-बुक तरी काढावं त्यांनी. पण माझ्याकडे येणाऱ्या फायलींत दुकानात सहज मिळणारी पुस्तकंच जास्त असतात.