मिथिल पारा : चेतापेशी व गुणसूत्रांवरील परिणाम

मिथिल पारा (मिथिल मर्क्युरी) हे पाऱ्याचे सेंद्रिय संयुग असून ते तीव्र चेताविष आहे. गाळातले काही जीवाणू साध्या पाऱ्यापासून ते बनवतात. लहान मासा मोठ्याच्या पोटात जाताना त्याचे प्रमाण चढत जाते. जपानमधील मिनामाता येथे मात्र ते अ‍ॅसिटाल्डिहाइडच्या कारखान्यातून थेट खाडीत पडत होते. १ मे १९५६ रोजी तिथल्या आजाराची अधिकृत नोंद झाली. १९५९ मध्ये कारखान्याचेच डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी सांडपाणी मिसळलेले अन्न मांजराला घातले आणि तोच आजार उमटला. निष्कर्ष दडपला गेला. सरकारला कारण मान्य करायला १९६८ उजाडले.

या विषाचे मर्म गंधकाच्या ओढीत आहे. रक्तात मिथिल पारा सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाला बिलगतो. ही जोडी मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखी भासते, त्यामुळे मेंदूच्या दारावरचे वाहक प्रथिन तिला आपली समजून आत घेते. लहान मेंदूतील कणपेशी आणि दृष्टिकेंद्रातील पेशी विशेषकरून मरतात. म्हणून तोल जातो, जीभ अडखळते, नजरेचा घेर आकसतो.

चेतापेशीच्या लांब तंतूंना आधार देणाऱ्या सूक्ष्मनलिका ट्युब्युलिन या प्रथिनाच्या असतात, आणि त्यातही गंधकाचे गट भरपूर. मिथिल पाऱ्याने त्या विस्कटतात. पेशी दुभंगताना गुणसूत्रे ओढून नेणारे तर्कूही याच नलिकांचे बनलेले असतात. स्वीडनमधील आनुवंशिकीतज्ज्ञ क्लेस रामेल यांनी १९६० च्या दशकात मिथिल पाऱ्याने तर्कूही मोडतात हे कांद्याच्या मुळांवर दाखवले. वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात मुळाचे टोक काचपट्टीवर चेपलेल्यांना ते चित्र सहज डोळ्यांपुढे येईल : कॉल्चिसिन हे तर्कू मोडणारे वनस्पतिज रसायन दिल्यावर होते तसे तर्कू नाहीसे, गुणसूत्रे विखुरलेली, काही पेशींत संख्या चुकलेली. फळमाशीतही गुणसूत्रांची वाटणी चुकल्याचे आढळले.

माणसाबाबतचा पुरावा इतका ठाम नाही. भरपूर दूषित मासे खाणाऱ्या स्वीडिश लोकांच्या रक्तपेशींत तुटलेली गुणसूत्रे अधिक दिसली, पण रक्तपेशींतले तुटणे म्हणजे पुढच्या पिढीत उतरणारा दोष नव्हे. मिनामाताच्या जन्मजात रुग्णांबाबत हा घोळ अनेकदा होतो. त्यांना आजार गुणसूत्रांतून नव्हे, वारेतून पोचला. आईला फारशी लक्षणे नसतानाही. जपानी घरांत बाळाची वाळलेली नाळ जपून ठेवतात. पुढे त्या तपासल्या, तेव्हा मिथिल पारा तिथेच सापडला.