पाण्यातला मासा आणि ताटातला मासा

‘आय लाइक फिश’ हे तीन शब्दांचे इंग्रजी वाक्य स्पॅनिशमध्ये नेण्याआधी भाषांतरकाराला एका प्रश्नाचे उत्तर हवे असते: बोलणारा माणूस काचेच्या पेटीसमोर उभा आहे, की जेवायला बसला आहे? पाण्यात पोहणाऱ्या जिवंत माशाला स्पॅनिशमध्ये ‘पेस’ म्हणतात आणि धरून बाहेर काढलेल्या, बाजारात किंवा ताटात आलेल्या माशाला ‘पेस्कादो’. हा दुसरा शब्द ‘मासे धरणे’ या अर्थाच्या ‘पेस्कार’ या क्रियापदापासून झाला असून त्याचा मूळ अर्थच ‘धरलेला’ असा आहे. इंग्रजी वाक्यात ही माहिती नाही, आणि ती नाही याची जाणीवही इंग्रजी बोलणाऱ्याला सहसा नसते. कोकणातल्या वाचकाला मात्र हा भेद फारसा परका वाटू नये, कारण आपणही समुद्रात मासा पाहतो आणि बाजारातून मासळी आणतो. आपली सीमारेषा स्पॅनिशइतकी काटेकोर नाही, एवढेच.

अनेकार्थी शब्द म्हटले की पहिल्यांदा आठवतात ते ‘बँक’ किंवा ‘स्प्रिंग’ यांसारखे शब्द. ‘स्प्रिंग’ म्हणजे वसंत ऋतू, धातूची गुंडाळी किंवा पाण्याचा झरा. या तिन्ही अर्थांच्या मुळाशी ‘उसळून वर येणे’ ही एकच कल्पना आहे, परंतु स्पॅनिशमध्ये त्यांची वाट तीन दिशांना फुटते: ऋतू ‘प्रिमाबेरा’, गुंडाळी ‘मुएये’ किंवा ‘रेसोर्ते’, आणि झरा ‘मानान्तियाल’. नदीची बँक, म्हणजे काठ, ‘ओरिया’ होते आणि पैशांची बँक ‘बांको’. हा ‘बांको’ पुन्हा बागेत बसायच्या बाकालाही चालतो, म्हणजे अनेकार्थीपणा हा काही इंग्रजीचा एकटीचा दोष नव्हे. असे शब्द दिसायला अवघड असले तरी फार त्रास देत नाहीत, कारण शेजारचा एखादा शब्द त्यांचा अर्थ उघड करतो. ‘पाणी’ जवळ असेल तर झरा आणि ‘गादी’ जवळ असेल तर धातूची गुंडाळी, हे कोणालाही कळते.

खरी अडचण दुसऱ्या गटात आहे. या शब्दांना दोन अर्थ आहेत हे त्यांच्या मूळ भाषकाला जाणवतच नाही, कारण त्याच्या भाषेने तिथे रेघ ओढलेलीच नसते. ‘कॉर्नर’ हा इंग्रजीला एकच शब्द वाटतो. स्पॅनिशमध्ये खोलीच्या आतला कोपरा ‘रिंकोन’ असतो आणि बाहेरून दिसणारा, रस्त्याच्या वळणावरचा कोपरा ‘एस्किना’. माणसाचा पाय ‘पिएर्ना’, तर टेबलाचा किंवा कुत्र्याचा पाय ‘पाता’. ‘नो’ या क्रियापदासाठी माहिती असणे म्हणजे ‘साबेर’ आणि ओळख असणे म्हणजे ‘कोनोसेर’ असे दोन शब्द लागतात. ‘आस्क’साठी प्रश्न विचारणे म्हणजे ‘प्रेगुंतार’ आणि वस्तू मागणे म्हणजे ‘पेदीर’. यातले शेवटचे दोन भेद मराठीतही आहेत, आणि स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी माणसाने इंग्रजीतून स्पॅनिशकडे जाण्याऐवजी थेट मराठीतून गेल्यास बरीच वाट वाचते. शिकवण्या आणि पाठ्यपुस्तके बहुधा इंग्रजीच्या आधारे चालतात म्हणून ही सोय वापरली जात नाही, याचे वाईट वाटते.

‘टाइम’ या शब्दावर थोडे थांबले पाहिजे. स्पॅनिशमध्ये सरणारा काळ ‘तिएम्पो’ असतो, घड्याळातली वेळ ‘ओरा’ असते आणि ‘तीन वेळा’मधली वेळ ‘बेस’ असते. आता मराठीकडे पाहा. ‘माझ्याकडे फार वेळ नाही, थोडाच वेळ उरला आहे’ यात वेळ पुल्लिंगी आहे. ‘जेवणाची वेळ झाली’ यात तीच स्त्रीलिंगी होते. आणि ‘तीन वेळा सांगितले’ यात पुन्हा वेगळा प्रयोग आहे. स्पॅनिशने तीन वेगळे शब्द वापरून केलेले काम मराठीने एकाच शब्दाचे लिंग बदलून आणि त्याला वेगळे रूप देऊन केले आहे. हे आपण दिवसभर बिनचूक करतो, पण ते करतो आहोत हे कोणी विचारेपर्यंत लक्षात येत नाही.

इंग्रजीतल्या ‘टु बी’, म्हणजे ‘असणे’, या क्रियापदाची गोष्ट सर्वांत गुंतागुंतीची आहे. स्पॅनिशमध्ये त्याला ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदे आहेत. ‘एस्तार’ हे ‘उभे राहणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आले आहे, आणि तो धातू संस्कृतातल्या ‘स्था’चा भाऊबंद आहे, ‘सेर’ची काही रूपे ‘अस्’शी नाते सांगणाऱ्या धातूपासून आली, तर काही ‘बसणे’ या अर्थाच्या, म्हणजे आपल्या ‘सद्’च्या कुळातल्या धातूपासून. सफरचंदाबद्दल ‘सेर’चे रूप वापरून ‘एस बेर्दे’ म्हटले तर ते जातीने हिरवे आहे. ‘एस्तार’चे रूप वापरून ‘एस्ता बेर्दे’ म्हटले तर ते अजून पिकलेले नाही. ‘एस आबुर्रिदो’ म्हणजे तो माणूस कंटाळवाणा आहे, ‘एस्ता आबुर्रिदो’ म्हणजे तो कंटाळला आहे. कायमच्या गोष्टीला ‘सेर’ आणि तात्पुरत्या गोष्टीला ‘एस्तार’, असा नियम विद्यार्थ्यांना सांगितला जातो, पण तो मृत्यूपाशी येऊन मोडतो, कारण ‘तो मेलेला आहे’ हे स्पॅनिशमध्ये ‘एस्ता मुएर्तो’ असे सांगतात, आणि मृत्यूहून कायमचे दुसरे काय असणार? एखाद्या बदलातून आलेली स्थिती ‘एस्तार’ने सांगतात, हे म्हणणे वस्तुस्थितीच्या अधिक जवळचे आहे. आणखी एक गंमत अशी की परीक्षा कुठे आहे हे विचारताना ‘सेर’ वापरले तर परीक्षेचा प्रसंग कुठे होणार असा प्रश्न होतो, आणि ‘एस्तार’ वापरले तर परीक्षेचा कागद कुठे ठेवला आहे असा. नाम तेच राहते. त्याचा अर्थ क्रियापद ठरवते. मराठीतही ‘तो आजारी आहे’ आणि ‘तो आजारी असतो’ यांत फरक आहे, परंतु तो आत्ताचा आणि नेहमीचा असा फरक आहे, त्यामुळे इथे मराठीची मदत घेतली तर ती फसवते.

एखादा अनेकार्थी शब्द ऐकल्यावर मेंदूत काय घडते, याचा एक सुरेख प्रयोग मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केला. इंग्रजीत ‘बग’ म्हणजे किडा, आणि ‘बग’ म्हणजे चोरून संभाषण ऐकण्याचे यंत्र. कोळी आणि झुरळे यांचा स्पष्ट उल्लेख असलेल्या वाक्यात हा शब्द ऐकवला आणि त्याच क्षणी पडद्यावर एक शब्द दाखवला, तेव्हा ‘मुंगी’ आणि ‘हेर’ या दोन्ही अर्थांचे शब्द लोकांनी इतर शब्दांपेक्षा लवकर ओळखले. वाक्य तीन उच्चारी अक्षरे पुढे गेल्यावर मात्र फक्त ‘मुंगी’चा फायदा उरला. म्हणजे संदर्भ कितीही स्पष्ट असला तरी मेंदू आधी दोन्ही दारे उघडतो आणि मग एक बंद करतो. भाषांतर करताना हे ओझे वाढते: स्पॅनिश आणि इंग्रजी जाणणाऱ्या द्विभाषिकांवर नताशा टोकोविच आणि जुडिथ क्रोल यांनी 2007 मध्ये मांडलेल्या प्रयोगांत, एकाहून अधिक प्रतिशब्द असलेल्या शब्दांच्या भाषांतराला जास्त वेळ लागतो असे दिसले.

भाषांतर करणाऱ्या यंत्रांनाही पहिली ठेच इथेच लागली. अमेरिकी गणितज्ञ वॉरन वीव्हर यांनी जुलै 1949 च्या आपल्या प्रसिद्ध टिपणात अशी कल्पना मांडली की भोक पाडलेल्या कागदातून एका वेळी एकच शब्द दिसत असेल तर त्याचा अर्थ ठरवता येणार नाही, परंतु भोक रुंद करून दोन्ही बाजूंचे काही शब्द दिसू दिले तर तो ठरवता येईल. त्यांचे उदाहरण होते ‘फास्ट’, ज्याचा अर्थ वेगवान असाही होतो आणि अचल असाही. 1960 मध्ये तत्त्वज्ञ आणि भाषाभ्यासक येहोशुआ बार-हिलेल यांनी यावर पाणी ओतले. छोटा जॉन आपली खेळण्यांची पेटी शोधतो आहे आणि शेवटी ती ‘पेन’मध्ये सापडते, असा त्यांचा दाखला होता. इथे ‘पेन’ म्हणजे लेखणी नव्हे, तर बाळाला खेळायला ठेवतात ते कठडे असलेले चौकोनी कुंपण. स्पॅनिशमध्ये लेखणी ‘बोलिग्राफो’ आणि हे कुंपण अनेक देशांत ‘कोर्रालितो’. पेटी लेखणीत मावत नाही, हे ज्ञान कोणत्याही शेजारच्या शब्दात लिहिलेले नसते, ते जग पाहिलेल्याला असते, आणि म्हणून यंत्राला माणसाच्या तोडीचे भाषांतर जमणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

2017 नंतरच्या यंत्रभाषांतराने हा निष्कर्ष बराच मागे टाकला आहे. या पद्धतीत प्रत्येक शब्दाला वाक्यातल्या इतर सर्व शब्दांकडे पाहून आकड्यांची एक नवी ओळख दिली जाते, त्यामुळे गादीजवळची ‘स्प्रिंग’ आणि डोंगरातली ‘स्प्रिंग’ यंत्राच्या दृष्टीने दोन वेगळ्या जागी जाऊन बसतात. वीव्हर यांचे भोक आता पानभर रुंद झाले आहे, असे म्हणता येईल. परंतु जी माहिती मूळ मजकुरात कुठेच नाही ती कितीही रुंद भोकातून दिसणार नाही. इंग्रजी ‘फ्रेंड’ मित्र आहे की मैत्रीण, हे स्पॅनिशला मराठीइतकेच अत्यावश्यक आहे. 2018 च्या अखेरीस गुगलच्या भाषांतरसेवेने स्पॅनिशसह काही भाषांत एकट्या शब्दासाठी स्त्रीलिंगी आणि पुल्लिंगी अशी दोन्ही उत्तरे शेजारी दाखवायला सुरुवात केली, ती याच कारणाने. ते प्रामाणिक उत्तर होते.

अशा ठिकाणी जाणता दुभाषी थांबून विचारतो. समजा, इंग्रजी बोलणारा रुग्ण स्पॅनिश डॉक्टरपुढे ‘माझा इअर दुखतो’ असे सांगतो आहे. बाहेरून दिसणारा कान ‘ओरेखा’ आणि आतला, ऐकणारा कान ‘ओईदो’. एकात जखम किंवा पुरळ असू शकते, दुसऱ्यात संसर्ग, आणि दोन्हींचे औषध वेगळे. मराठी रुग्णाचीही इथे तीच स्थिती होईल, कारण ‘कान दुखतो’ या वाक्यात आपणही ही रेघ ओढलेली नाही. दुभाषी त्याला बोटाने जागा दाखवायला सांगेल. यंत्र मात्र न विचारता ‘ओईदो’ लिहून मोकळे होण्याची शक्यता अधिक, कारण लोक कानदुखीबद्दल बोलतात तेव्हा बहुधा आतल्या कानाबद्दलच बोलतात.