बालपणीच्या आठवणींचं लेखन

मोठं झालेल्या माणसाने लहानपणी घडलेली, मनात रुतून बसलेली एखादी गोष्ट स्वतःच्या शब्दांत लिहून काढणं म्हणजे बालपणीच्या आठवणींचं लेखन. आत्मचरित्रात सगळ्या आयुष्याचा हिशेब येतो, इथे एक आजोळ, एक पावसाळा, मार खाल्लेला एखादा दिवस एवढंही पुरतं. मराठीत याला साधं 'आठवणी' म्हणतात, आणि दलित साहित्याच्या लाटेबरोबर 'आत्मकथन' हा शब्दही चांगलाच रुळला.

यातली खरी अडचण अशी की लिहायला दोन जण बसलेले असतात, एक तेव्हाचं पोर आणि दुसरा आत्ताचा शहाणा माणूस, आणि शहाणा माणूस पोराला बोलूच देत नाही. रेशनच्या रॉकेलचंच घ्या. आमच्याकडे रॉकेल आलं की दुकानासमोर माणसांच्या आधी कॅनची रांग लागायची, आमचा कॅन पाच लिटरचा, झाकण हरवलेलं म्हणून तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी कोंबलेली, आणि रॉकेल निळं दिसायचं म्हणून मला खात्रीच होती की दुकानदार त्यात शाई ओततो. भेसळ आणि काळाबाजार थांबावा म्हणून रेशनच्या रॉकेलमध्ये मुद्दाम निळा रंग घालायचे, हे कितीतरी वर्षांनी कळलं. आता ही माहिती पहिल्याच वाक्यात दिली की तो पोरगा गेलाच तिथून! त्याला आधी शाईच वाटू द्यायची, बोट बुडवून वास घेऊ द्यायचा, माहिती काय मागाहूनही देता येते.

हे ज्यांना अगदी सहज जमलं त्या लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६). जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा, लिहा-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, आणि 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला १९३४ मध्ये. त्यात वडिलांचं सोवळ्याचं वेड येतं, बाजारातून आलेल्या वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायच्या नाहीत इथपर्यंत गेलेलं, आणि त्यात होरपळलेलं अख्खं घर येतं, पण बाई कुठेही गळा काढत नाहीत की कुणावर खटला भरत नाहीत, ओसरीवर बसून सांगावं तसं सांगत जातात. माझ्या मते मराठीत आठवणी लिहायला बसणाऱ्याने आधी ही भाषा कानात भरून घ्यावी.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं, त्यात श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना एकेक आठवण सांगतो, म्हणजे ऐकणारे समोरच बसलेत. दया पवारांनी 'बलुतं'मध्ये (१९७८) वर म्हटलेल्या दोन माणसांना चक्क वेगळंच केलं, शिकलेला दया पवार आणि लहानपणापासूनचा दगडू. आनंद यादवांच्या 'झोंबी'त (१९८७) तर शाळेत जायला मिळावं म्हणून पोराला घरातच झगडावं लागतं. बालपण म्हणजे गोडगोड काहीतरी, आमराई आणि आजीच्या गोष्टी, हा समज अशा पुस्तकांनी मोडला आणि ते फार बरं झालं.

स्मरणाचं म्हणाल तर साधारण तीन वर्षांच्या आधीचं बहुतेकांना काहीच आठवत नाही, जे आठवतं म्हणून वाटतं ते बऱ्याचदा फोटोवरून किंवा आईकडून ऐकलेलं असतं. शिवाय प्रत्येक वेळी आठवताना आठवण थोडी नव्याने रचली जाते. त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीचे संवाद शब्दशः कुणालाच सांगता येत नाहीत, ते लिहिणारा बांधतो, आणि तेवढी सूट वाचक देतो. पण न घडलेला प्रसंग घुसडायची सूट नाही. जिवंत माणसांची नावं गरज पडली तर बदलावीत, त्यांनी केलेलं मात्र बदलू नये.

घरातल्यांना वाचून दाखवलं की भांडण ठरलेलंच, आणि ते भांडणही लिहिण्यात घ्यावं असं मला मनापासून वाटतं. माझा मोठा भाऊ म्हणतो की तू त्या रांगेत कधी उभाच नव्हतास, कॅन घेऊन मी जायचो. पिशवी कोंबलेलं तोंड त्यालाही आठवतं. शाईचं मात्र त्याने कधी ऐकलेलं नाही.